जात्याची पहाट, गिरणीचा भोंगा आणि ऑफिसचं कॅलेंडर

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, अडखळणं आणि तेच तेच आलेलं तेवढं काढलंय.)



आजचा भाग वेळेबद्दल आहे. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असलेल्या आईबापांच्या वेळेबद्दल. या विषयावर सल्ल्यांची कमतरता नाही. पहाटे पाचला उठा, भाजी आदल्या रात्री चिरून ठेवा, नवरा-बायकोचं कॅलेंडर एकच करा, मूल झोपलं की महत्त्वाचं काम उरका. यातलं बरंचसं उपयोगी आहे, आमच्या घरीही चालतं. पण हे सगळे सल्ले एक गोष्ट धरूनच चालतात, की ही आपल्या दोघांची खासगी अडचण आहे आणि नियोजन नीट केलं की ती सुटते.

इतिहास बघितला तर काय दिसतं? आपल्या आधीच्या आईबापांनी मूल सांभाळून काम कसं केलं? त्यांच्याकडे वेळ कुठून यायचा? आणि वेळ पुरला नाही तेव्हा काय व्हायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहाट कुणाची होती

मी राहतो मुळशी तालुक्यात, कासार आंबोलीला. पिरंगुट सोडून पौडकडे निघालात की रस्त्यात लागतं. इथूनच सुरुवात करू, कारण आपल्या विषयाचं एक मोठं दप्तर याच तालुक्यातून गोळा झालंय. ते म्हणजे जात्यावरच्या ओव्या.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ हे दोन अभ्यासक. प्वातव्हाँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले. मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करता करता त्यांनी आणि गावातल्या कार्यकर्त्या बायकांनी १९८० च्या दशकापासून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. आज त्या संग्रहात हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि 'परी' या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात.

आपण या ओव्यांकडे साहित्य म्हणून बघतो. आज जरा वेळापत्रक म्हणून बघू.

दळण पहाटेच का? कारण दिवस उजाडल्यावर वेळ शिल्लकच नसायचा. पाणी आणायचं, शेण काढायचं, भाकरी करायच्या, शेतावर जायचं. दिवसभराचं पीठ त्याआधी तयार पाहिजे. म्हणून कोंबडा आरवायच्या आत जातं सुरू. जात्यावर बहुतेकदा दोघी बसायच्या, समोरासमोर, एकाच खुंट्याला हात लावून. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय. तान्हं मूल असेल तर ते मांडीवर किंवा शेजारी गोधडीवर. जात्याच्या घरघरीत आणि ओवीच्या चालीत ते झोपून जायचं.

म्हणजे 'पहाटे पाचला उठा' हा सल्ला आपल्याकडे काही अमेरिकेतून आला नाही. मुळशीतल्या बायका पिढ्यानपिढ्या तो पाळत होत्या, फक्त त्याला कुणी 'मॉर्निंग रूटीन' म्हणत नव्हतं.

या चित्रात रमून जाऊ नका, बरं का. जातं ओढणं हे अंग मोडणारं काम होतं, आणि ओव्यांमध्ये लेकराचं कौतुक आहे तसे सासुरवासाचे कढही आहेत. पण एक गोष्ट टिपून ठेवा. जात्यावर दोघी होत्या. मूल रडलं तर एकीचा हात क्षणभर सुटला तरी चालायचं. शेतात गेल्यावर बाभळीच्या फांदीला झोळी बांधायची आणि झोळीला झोका द्यायला थोरली बहीण असायची. घरी आजी असायची. वेळ कमी होता, पण हात जास्त होते. आणि कामाचं ठिकाण असं होतं की तिथे मूल बरोबर नेता येत होतं.

आता या हातांची किंमतही कुणीतरी मोजत होतंच. झोका देणारी ती सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत जात नव्हती. हा धागा आपल्याला पुढे परत लागणार आहे.

डबा, भोंगा आणि ३९ मिनिटं

आता मुंबईला जाऊ. मुळशी सोडून लगेच मुंबई कशाला, असं वाटेल. पण या डोंगरातली माणसं खरंच मुंबईला जात होती. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातले. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं मानतात.

डबेवाल्यांच्या अचूकतेच्या गोष्टी मॅनेजमेंटच्या वर्गात खूप सांगतात. घराच्या बाजूने बघितलं तर तो धंदा वेळेचाच होता. नवरा सकाळी सातची गाडी पकडणार. डबा त्याच्याबरोबर द्यायचा तर बाईला पहाटे चारला चूल पेटवायला लागणार. डबेवाला साडेनऊ-दहाला आला, तर तिला तीन-चार तास मिळाले. तेवढ्यात मुलांचं आवरता येतं. म्हणजे डबेवाला डब्याबरोबर त्या बाईला सकाळही देत होता. आणि तिकडे मुळशीत त्याची स्वतःची बायको लेकरांना घेऊन एकटी जात्यावर. एका घरातला वेळ वाचवायला दुसऱ्या घरातला बाप गावाबाहेर. हा हिशोब कुठल्या केस स्टडीत मला दिसला नाही.

गिरण्यांचं वेळापत्रक त्याहून कडक. सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ज्या मागण्या लावून धरल्या, त्यात रविवारची सुट्टी ही मुख्य. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपण रविवारी मुलांना घेऊन बागेत जातो, तो रविवार असा मिळालेला आहे. कुणीतरी भांडून मिळवलेला.

मग विजेचे दिवे आले. साधारण १९०५ च्या आसपास गिरण्यांत दिवे लागले आणि दिवस मावळण्याची अटच संपली. तेजी होती, कामाचे तास काही ठिकाणी चौदा-पंधरापर्यंत गेले.

आणि त्याच वेळी घड्याळही बदललं. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे भोंगा कागदावर त्याच वेळेला वाजणार, पण सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी. जेकब ससून मिलमधल्या कामगारांनी काम बंद पाडलं, मिलच्या घड्याळावर दगड पडले. शहरात त्यावर राजकारण झालं आणि मुंबई महापालिकेने 'मुंबई टाइम' थेट १९५५ पर्यंत चालवला. या भांडणाच्या नोंदी बहुतेक पुरुषांच्या आहेत. पण जिला कामावर जाण्याआधी मूल पाजायचं, भाकऱ्या थापायच्या, नळावर रांग लावायची, तिच्या पहाटेतून ३९ मिनिटं कापली गेली म्हणजे काय झालं असेल, याचा अंदाज लहान मूल असलेल्या कुणालाही येईल.

बाळगोळी

आता तो जड भाग.

मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या सुमाराला साधारण पाचातला एक कामगार स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका जास्त. १८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा होती. ११ तास आणि वर जाण्यायेण्याचा वेळ. घर म्हणजे चाळीतली एक खोली. कोकणातून, घाटावरून आलेल्या त्या घरात आजी बहुतेकदा गावीच राहिलेली. झोळी बांधायला झाड नाही. कामाच्या ठिकाणी यंत्रं, कापसाची धूळ.

मग तान्ह्या मुलाचं काय करायचं?

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरांना कामगार स्त्रियांच्या परिस्थितीची पाहणी करायला नेमलं. सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये १९२२ साली त्यांचं म्हणणं छापून आलं. त्यात आकडा आहे शेकडा ९८. औद्योगिक काम करणाऱ्या स्त्रियांच्या शेकडा ९८ बाळांना अफू दिली जात होती.

ही बाळगोळी. आपल्याकडच्या बाळगुटीशी गल्लत करू नका. गुटी म्हणजे सहाणेवर उगाळलेल्या मुळ्या-बिया. बाळगोळी म्हणजे अफू घातलेली बारीकशी गोळी, बाजारात सहज मिळणारी. सकाळी एक दिली की मूल गुंगीत पडून राहायचं. आई परत येईपर्यंत. अशा मुलांची भूक मरते, पोट बिघडतं, वाढ खुंटते, आणि मात्रा जरा जास्त झाली तर मूल उठतच नाही.

हे वाचताना पहिला राग आईवर येतो. त्या काळातही यायचा. अडाणीपणा, जुन्या समजुती, असं लिहिलं जायचं. पण शेकडा ९८ हा आकडा अडाणीपणाचा नसतो. इतक्या वेगवेगळ्या घरांतल्या, जातींतल्या, गावांतल्या बायका एकाच उत्तरावर आल्या, तेव्हा प्रश्नच असा मांडलेला होता की दुसरं उत्तर शिल्लक नव्हतं. ११ तास कामावर राहा, मूल बरोबर आणू नकोस, घरी सांभाळायला कुणी नाही, आणि मजुरी बुडाली तर चूल पेटणार नाही. या चार अटी एकत्र ठेवा आणि मग त्या बाईला 'टाइम मॅनेजमेंट' करायला सांगा. तिने केलेलं मॅनेजमेंट म्हणजे बाळगोळी.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. सगळा भार एकाच यंत्रावर टाकला आणि ते बंद पडलं की अख्खी सिस्टिम झोपते. चाळीतल्या त्या खोलीत सगळा भार एका बाईवर होता. तिला बंद पडायची मुभा नव्हती. म्हणून झोपवलं गेलं बाळाला.

यात मुळशीचाही एक धागा आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधली. मुळशीच्या धरणात आपल्या शेती-घरांसकट गावं जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. त्यात बायकाही तुरुंगात गेल्या. सत्याग्रह हरला, धरण झालं, आणि १९२७ पासून मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडायला लागलं. ती वीज मुंबईला गेली. धरणाच्या काठावरच्या गावांत मात्र पुढची कित्येक वर्षं पीठ हातानेच दळलं जात होतं. तिकडे विजेने आईचा दिवस लांबला, इकडे विजेवाचून आईची पहाट सुटली नाही.

कायदा दारात येतो

बाळगोळीवर उपाय काय निघाला? अफू विकण्यावर बंधनं आली, प्रचार झाला, ते सगळं होतंच. पण खरा बदल मागितला गेला तो वेळेचा.

मुंबई विधिमंडळात असवले यांनी स्त्री कामगारांना बाळंतपणात पगारी रजा देणारं विधेयक आणलं. २८ जुलै १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा असा, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलला पाहिजे. पण मालकही यातून सुटत नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो. म्हणजे आईचा वेळ हा तिच्या एकटीचा खर्च नाही. समाजाचा आहे, आणि तिच्या कामातून नफा घेणाऱ्याचाही. मला हे वाक्य आजही ताजं वाटतं.

१९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा झाला. असा कायदा भारतात पहिलाच. त्यात रजा काही आठवड्यांचीच होती आणि दिवसाला आठ आणे मिळायचे, पण बाळंतपणातला वेळ हा पगाराचा वेळ आहे, हे पहिल्यांदा कागदावर आलं. पुढे १९४८ चा कारखाने कायदा आला. पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर पाहिजे, असं त्यात आलं. १९७६ मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आणला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे रजा दिली, आणि कामावर परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला रोजच्या दोन सुट्ट्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. इथे 'कर्मचारी' म्हटलंय, म्हणजे बाप्येही त्यात मोजायचे. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येईल, असंही त्यात आहे.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२९ नंतरच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. नवी यंत्रं, रात्रपाळीची बंदी अशी बरीच कारणं त्यात होती. पण बाई ठेवली की रजेचा आणि पाळणाघराचा खर्च आपल्या खिशातून, हे मालकाचं गणितही त्यात होतं. आजही कुठल्याशा ऑफिसात मुलाखतीत नुकतंच लग्न झालेल्या मुलीला 'पुढचं काय प्लॅनिंग?' विचारतात, तेव्हा तेच शंभर वर्षांचं गणित चालू असतं. खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, ही आंबेडकरांच्या बोलण्यातली अर्धी बाजू मागे पडली.

आणि या सगळ्या कायद्यांत बाप कुठे आहे? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापांसाठी आईसारखा कायदा नाही. कंपनी देईल तेवढी. २६ आठवडे आणि शून्य, या दोन आकड्यांतच घरातलं कामाचं वाटप ठरून जातं. पहिल्या सहा महिन्यांत मुलाचं रडणं ओळखायला जी व्यक्ती शिकते, तीच पुढची सहा वर्षं रात्री उठते.

अंगणात आलेली शाळा

आता मघाचा धागा. झोका देणारी ती थोरली बहीण.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग मुलं येत नाहीत तर आपणच जाऊ, म्हणून बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरवायला लागल्या. हीच अंगणवाडी. हा शब्द तिथूनच आपल्याला मिळाला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे लक्षात आलं की सात-आठ वर्षांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण कुणाच्या कडेवर धाकटं भावंड आहे, कुणाच्या मागे गुरं आहेत. आईबाप मजुरीला गेलेले. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. थोरलीने धाकट्याला घेऊन यायचं, त्याला पाळणाघरात सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली.

याचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्यांनी कुणालाही शिस्त शिकवायला सुरुवात केली नाही. आधी बघितलं, की या घराचा वेळ नेमका कुणाच्या अंगावरून जातोय. आईच्या? नाही, तो त्या आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावरून जात होता. मग व्यवस्था तिथे बसवली.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज बहुतेक गावांत ती आहे. पण ती भरते दिवसातले काही तास, आणि तिच्याकडे आहार, लसीकरण, नोंदी अशी बारा कामं. आईच्या पूर्ण पाळीइतकं मूल सांभाळणं हे तिच्याकडून होत नाही. शिवाय अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, 'मानधन' मिळतं. दुसऱ्याचा वेळ वाचवणाऱ्या बाईचा स्वतःचा वेळ सरकारने अजून पूर्ण नोकरीत धरलेला नाही.

एक चांगली तरतूद मात्र सांगतो, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात असं ठरवलं गेलं, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं म्हणजे माती उचलण्याइतकंच काम, असं कायद्याने लिहून दिलंय. प्रत्यक्षात किती कामांवर हे होतं हा वेगळा प्रश्न, पण विचार पक्का आहे.

यंत्राने वाचवलेला वेळ

तुम्ही म्हणाल, अरे, पण आता जातं कुठे राहिलंय? बरोबर. गावात पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅस आला, कुकर-मिक्सर आले. तासन्‌तास वाचले. मग ते गेले कुठे?

रूथ श्वार्ट्‌झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली आणि आईचं काम कमी झालं नाही, असं त्यांनी दाखवलं. यंत्रांनी मुख्यतः बाप, मुलं आणि नोकर यांच्या वाट्याची कामं संपवली. आणि स्वच्छतेची, स्वयंपाकाची, मुलं वाढवण्याची अपेक्षा मात्र वर चढत गेली. कपडे धुणं सोपं झालं, तर कपडे रोज बदलायला लागले.

आपल्याकडेही हे दिसतं. पूर्वी मूल 'वाढायचं', आता ते 'घडवायचं' असतं. डब्यात रोज वेगळा पदार्थ, शाळेच्या ग्रुपवर रोजचे संदेश, प्रोजेक्टसाठी रात्री दहाला थर्माकोल शोधणं. जातं गेलं आणि त्याजागी बारीकसारीक शंभर जाती आली.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं आलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची १० मिनिटं कमी झाली आणि बाप्यांनीही आपली ९ कमी करून घेतली! गंमत बाजूला ठेवू, पण पाच वर्षांत फरक जिथल्या तिथेच आहे.

आणि जात्याबरोबर अजून एक गोष्ट गेली. समोर बसणारी दुसरी बाई. मिक्सर एकटीने चालवता येतो. मुळशीतल्या ओव्या लिहून घेतल्या गेल्या त्याही यामुळेच, की जातं थांबलं तशी म्हणण्याची जागाही संपत चालली होती.

हिंजवडीच्या रस्त्यावर

हिंजवडीचं आयटी पार्क आमच्याच मुळशी तालुक्यात आहे. कासार आंबोलीतून सकाळी निघणाऱ्या गाड्यांचे दोन रस्ते. काही घोटावडे, माणवरून हिंजवडीला, काही पौड रस्त्याने पुण्यात. पिरंगुटच्या कारखान्यांच्या पाळीला जाणाऱ्या बायका रस्त्याकडेला उभ्या असतात. आजूबाजूला बांधकामं चालू आहेत, तिथे मजूर जोडप्यांची लहान मुलं वाळूच्या ढिगावर खेळताना दिसतात. बांधकामावरच्या अशा मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मोबाईल क्रेशेस सुरू केलं, पुढे ते काम मुंबईत आणि पुण्यातही आलं.

तिन्ही घरांचा पगार वेगळा आहे. पण प्रश्न १९२२ च्या चाळीसारखाच आहे. नऊ तास काम, दोन तास रस्ता, आजी गावी किंवा आजीचंच वय झालेलं, आणि कामाच्या ठिकाणी मूल नेता येत नाही. आमच्यासारख्यांकडे पैसे आहेत म्हणून आम्ही हात विकत घेतो. मावशी ठेवतो, डे-केअरची फी भरतो. त्या मावशींचं मूल कुणाकडे असतं, हे विचारलंय का कधी? डबेवाल्याच्या बायकोची गोष्ट इथे परत येते.

काही जण म्हणतात, आजची बाळगोळी म्हणजे मोबाईल. मला ही तुलना पटत नाही. अफूने मुलं मरत होती, यूट्यूबच्या गाण्याने नाही मरत. आणि ही तुलना केली की बोट परत आईबापांकडेच जातं. बघायचं तर गोळीच्या मागच्या चार अटी बघा. किती तास, मूल कुठे, हात किती आणि पैसे बुडाले तर काय. त्या बदलल्या का, हा प्रश्न आहे.

म्हणून या भागातून मला जे सांगायचंय ते साधं आहे. लहान मुलांच्या आईबापांना वेळ जेव्हा जेव्हा मिळाला, तेव्हा तो कुणाच्या तरी हातांतून किंवा भांडून मिळवलेल्या नियमातून मिळाला. एकट्याच्या नियोजनावर सोडून दिला, तेव्हा त्याची किंमत घरातल्या सगळ्यात लहान माणसाने मोजली. कधी गुंगीत पडलेल्या बाळाने, कधी शाळा सुटलेल्या थोरलीने.

कॅलेंडर जरूर ठेवा. पण रविवारी दोघांनी बसून तास मोजायच्या आधी हात मोजा. कोण किती कामं करतंय ते कागदावर लिहा, त्यात 'आठवण ठेवणं' हेही काम धरा. लस कधी आहे, बूट लहान झालेत, फी भरायचीये, हे ज्याच्या डोक्यात असतं त्याचा वेळ जातोच. ऑफिसात ५० माणसं असतील तर पाळणाघराचं विचारा, आणि बाप्यांनी विचारा. बाईने विचारलं तर ती 'अडचणीची' ठरते, हे आपण बघितलंच. सोसायटीत चार घरं मिळून आलटूनपालटून मुलं सांभाळता येतात का, बघा. समोरच्या खुंट्यावर दुसरा हात आला की जातं हलकं होतं, हे मुळशीतल्या कुठल्याही आजीला माहीत आहे.

पुढच्या भागापर्यंत एक काम देतो. तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा, तुमचं जातं कधी बंद झालं, आणि तुम्ही शेतावर किंवा कामावर जायचात तेव्हा आमचे आईबाप कुणाजवळ असायचे. उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवा, जमलं तर आम्हालाही पाठवा. नावासकट सांगतील त्या. तोही आपल्या वेळेचा इतिहासच आहे, आणि तो अजून कुणी लिहून घेतलेला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर, मूल झोपलं असेल तर तुम्हीही झोपा. महत्त्वाचं काम उद्या करू.